दहा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावी?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेतील भाषण)



महोत्सवाच्या वेळी मागे वळून पाहावे, हा जुना प्रघात आहे. मंदिर कोणी उभारले, शाळा कशी वाढली, कोणी किती झीज सोसली, हे सर्व सांगणारे अधिकारी वक्ते येथे आहेत. आम्हांस मात्र पुढे येणाऱ्या पिढीविषयी, आणि तेही तिच्या एका लहानशा भागाविषयी बोलण्याची आज्ञा झाली आहे. जी मुले चित्रांच्या पुस्तकात आता रमत नाहीत आणि मोठ्यांच्या पुस्तकात ज्यांचा अजून प्रवेश झालेला नाही, अशा दहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींनी शाळेच्या पुस्तकांखेरीज काय वाचावे, हा आजचा विषय आहे.

विषय दिसावयास लहान आहे. वस्तुतः तो तसा नाही. मूल सहाव्या-सातव्या वर्षी अक्षरे जुळवू लागते, आणि आपण समजतो की त्यास वाचता आले. परंतु अक्षर लावणे निराळे आणि वाचणे निराळे. बारव किती खोल आहे हे सांगता आले म्हणून कोणास पोहता येत नाही. त्यासाठी पाण्यात उतरून पुष्कळ दिवस हातपाय मारावे लागतात. २०२२ सालच्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे त्रेचाळीस मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील उतारा नीट वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले वरच्या वर्गात गेली, पण त्यांचे वाचन खालच्याच पायरीवर राहिले. पुढे सातवी-आठवीत इतिहास काय, विज्ञान काय, गणितातील उदाहरण काय, सर्व काही वाचूनच समजून घ्यावयाचे असते. तेथे हे मूल अडखळते. गुरुजी म्हणतात, बुद्धी नाही. घरचे म्हणतात, लक्ष नाही. आणि मूल स्वतःही तसेच मानू लागते. मग मुलगा कामास जातो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. ज्यास आपण बुद्धीचा दोष म्हणतो तो कित्येकदा केवळ न झालेल्या सरावाचा दोष असतो, हे आम्ही प्रथमच स्पष्ट सांगू इच्छितो.

आपल्या हिंगोली भागात या अडचणीस आणखी काही कारणे आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, आणि दरबाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी ज्यांस शाळा लाभली त्यांस मराठी पुस्तकांचा सहवास फारसा घडला नाही. बहुतेकांस तर शाळाच लाभली नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या घरांतून जशी पुस्तकांची फळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तशी आपल्या घरांतून आली नाही. आजही तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते, बाजारात हिंदी-दखनी ऐकते, शाळेत पुस्तकी मराठी वाचते, आणि त्यातले काही इंग्रजी शाळेत जाते. इतक्या भाषा कानी पडणे ही वस्तुतः संपत्ती आहे. परंतु त्यांपैकी एकीतही मन रमेल इतके वाचन न झाले, तर ती संपत्ती पुरून ठेवलेल्या हंड्याप्रमाणे निरुपयोगी राहते. शिवाय आपली कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर जातात, तेव्हा मुलांची शाळा अर्ध्यातच तुटते. अशा मुलास पुस्तकाची सोबत हवी. आणि नेमकी त्यासच ती मिळत नाही.

येथे कोणी धर्मशील गृहस्थ म्हणतील, “पुस्तके द्यावी हे मान्य, पण ती बोधपर द्यावी. संतचरित्रे आहेत, शुभवर्तमान आहे. मग साहसकथा आणि भुताखेतांच्या गोष्टी कशास हव्यात?” या आक्षेपामागची कळकळ आम्ही जाणतो. तथापि त्याचे उत्तर एका संतचरित्रातच आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडून इग्नाती लोयोला अंथरुणास खिळला, तेव्हा त्याने वाचावयास मागितल्या त्या शूर सरदारांच्या कथा. त्या घरात नव्हत्या. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचा एक ग्रंथ. तेच त्याने वाचले, आणि पुढे काय घडले ते आपणांस विदित आहे. या प्रसंगावरून उपदेशक एवढेच सांगतात की त्यास चांगले पुस्तक मिळाले. आम्ही त्यात आणखी एक गोष्ट पाहतो. तो ते पुस्तक वाचू शकला, कारण सरदारांच्या कथांनी त्यास आधीच वाचनाचा छंद लावला होता. आणि शौर्याच्या कथांवर पोसलेल्या त्या मनास संतांच्या चरित्रातही शौर्यच दिसले. ज्या मुलास गोष्टीची भूकच लागली नाही, त्याच्यापुढे संतचरित्र ठेवले तरी ते मिटलेलेच राहणार.

आपल्या भाषेतील दाखला याहूनही जवळचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात साष्टीतील राचोल येथे छापले गेले. प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पुस्तके तेव्हाही होती. पण जुनी पुराणे ऐकत वाढलेल्या लोकांस प्रश्नोत्तरांनी तृप्ती होईना, त्यांस कथा हवी होती. हे ओळखून त्या परदेशी धर्मगुरूने आपल्या लोकांच्या भाषेत, आपल्या लोकांच्या ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. चारशे वर्षांपूर्वी मोठ्यांच्या बाबतीत जे ओळखले गेले, ते आज मुलांच्या बाबतीत आपण नाकारू नये.

यास्तव पुस्तक निवडताना आमची कसोटी साधी आहे. मूल पान उलटून पुढे जाऊ इच्छिते काय? जे पुस्तक हातातून सोडवत नाही ते पहिल्या प्रतीचे. बोध त्यात असला तर तो मिठासारखा असावा. चव लागावी, खडा दाताखाली येऊ नये. आता काही पुस्तके नावानिशी सांगतो.

नवव्या-दहाव्या वर्षी आरंभ करावा तो हसविणाऱ्या पुस्तकांनी. विंदा करंदीकरांचे ‘राणीची बाग’ (१९६१) आणि ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) हे कवितासंग्रह मोठ्याने म्हणावे. जे मूल गद्याचे पान पाहून कंटाळते तेही यमकाच्या नादाने शेवटपर्यंत जाते. आपल्या शेजारच्या नांदेडचे डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या बालकवितासंग्रहास २०२५ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभला; आपल्याच मुलखातील मनुष्य मुलांसाठी लिहितो आणि देशात मान पावतो, हे मुलांस अवश्य सांगावे. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘बोक्या सातबंडे’ या पुस्तकास हाच पुरस्कार २०११ साली मिळाला. त्यातील मुलगा खोड्याळ आहे, पण मनाचा निर्मळ. असा नायक मुलांस आपला सोबती वाटतो. शहाण्या मुलाची आदर्श गोष्ट वाचून त्यांस बहुधा त्या शहाण्याचा रागच येतो.

अकराव्या वर्षाच्या सुमारास साहसाची ओढ लागते. या वयास भा. रा. भागवत यांच्या ‘फास्टर फेणे’ मालेसारखे औषध नाही. फुरसुंगीहून पुण्यास शिकावयास आलेला बनेश फेणे अंगाने किडकिडीत आहे, श्रीमंत नाही. पण सायकल, धावणारे पाय आणि जागे डोके यांच्या बळावर तो चोरांस पकडून देतो. मालेत वीस पुस्तके आहेत, आणि हाच तिचा मोठा गुण होय; कारण एक संपताच मूल दुसरे मागते, आणि अशा मागण्यातूनच सवय जडते. भागवतांनी ज्यूल व्हर्न यांच्या अद्भुत कथाही मराठीत आणल्या, त्याही द्याव्या. ना. धों. ताम्हनकर यांचा ‘गोट्या’ जुन्या काळचा असला तरी शिळा झालेला नाही. आजी-आजोबांनी लहानपणी वाचलेले पुस्तक नातवाने वाचले, तर घरात बोलावयास एक विषय मिळतो.

मुलींच्या बाबतीत एक सूचना. साहसाची पुस्तके मुलांस आणि घरकामाची मुलींस, अशी वाटणी कृपा करून करू नये. फास्टर फेणे मुलीही तितक्याच आवडीने वाचतात. मात्र ज्यात मुलगी स्वतः मध्यभागी आहे अशी पुस्तकेही दोघांस द्यावी. संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (२०२२ चा बालसाहित्य पुरस्कार) ही एका मुलीची रोजनिशी आहे. ती वाचून आपणही वही लिहावी असे वाटू लागते. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणले आहे. एका शाळेतून खोडकर म्हणून काढलेली ही मुलगी दुसऱ्या शाळेत जाते. त्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या डब्यांत भरतात, आणि तेथील मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिचे बोलणे तासन्‌तास ऐकून घेतात. हे पुस्तक मुलांनी वाचावेच. पण शिक्षकांनी आणि धर्मशिक्षण देणाऱ्यांनी आधी वाचावे, अशी आमची विनंती आहे.

बाराव्या-तेराव्या वर्षी मूल जगाकडे पाहू लागते. सानेगुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. ती एकदम वाचावयास देऊ नये. ती ‘रात्रीं’मध्येच विभागली आहे, रोज एक रात्र घरात कोणी मोठ्याने वाचावी. त्याच १९३५ साली आर. के. नारायण यांचे ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ इंग्रजीत निघाले. मिशनच्या शाळेत शिकणारा, अभ्यासास कंटाळणारा, क्रिकेटवेडा स्वामी आपल्या इंग्रजी शाळेतील मुलांस पहिल्याच पानापासून ओळखीचा वाटेल. एका वर्षी दोन भाषांत दोन मुलगे जन्मले. एक आईच्या शब्दाने वाढणारा, दुसरा धडपडत, चुकत शिकणारा. दोघांचीही ओळख मुलास असावी.

चरित्रांत आम्ही प्रथम नाव घेऊ ते वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) या पुस्तकाचे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अमेरिकेत गुलामगिरीत जन्मला आणि कष्टाने शिकून कृषिशास्त्रज्ञ झाला. वर्षानुवर्षे कापूस घेऊन जमीन निकस झाली असता तेथे भुईमुगासारखी पिके फेरपालटाने घ्यावी, म्हणजे तिचा कस परत येतो, हे त्याने गरीब शेतकऱ्यांस त्यांच्या बांधावर जाऊन शिकविले. कापूस आणि सोयाबीन ज्यांच्या दारी पिकते त्या आपल्या मुलांस हे परक्या देशाचे पुस्तक वाटणार नाही. त्यांस ते आपल्या शेताचेच वाटेल. कित्येक मुले ते वाचून बापास जमिनीविषयी प्रश्न विचारू लागतात. पुस्तकाने घरात असा प्रश्न आणला, यापरते त्याचे यश कोणते?

विज्ञानाविषयी तर आपल्या जिल्ह्यास विशेष कारण आहे. औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्याच्या कामास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा असतील. कोट्यवधी वर्षांपूर्वी आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, त्याचा थरकाप येथे मोजला जाईल. जगातील शास्त्रज्ञ ज्या माळावर येतील त्या माळाशेजारच्या मुलाने तेथे केवळ पहारा करावा की आत बसून काम करावे, हे पुष्कळ अंशी बाराव्या वर्षी त्याच्या हाती काय पडते यावर ठरेल. जयंत नारळीकर २०२५ साली निवर्तले. पण त्यांच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहातील विज्ञानकथा तेरा वर्षांच्या चौकस मुलास झेपतात, आणि पुढे ‘आकाशाशी जडले नाते’ त्याची वाट पाहत आहे. त्याहून लहानांस अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याची पुस्तके द्यावी. त्यांच्या संकेतस्थळावर ती मराठीतही विनामूल्य मिळतात.

आता पवित्र ग्रंथाविषयी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे आणि त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे. २०२० साली आपल्याच मराठवाड्यात, धाराशिव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते आपणांतून गेले. हा ग्रंथ मुलास पाठांतरासाठी किंवा शिक्षेसाठी देऊ नये. भावांनी विकलेला योसेफ, गोफण घेऊन निघालेला दावीद, वादळात सापडलेली नाव, उधळ्या पुत्राचे परतणे, या कथा संध्याकाळी वाचून दाखवाव्या आणि तेथेच थांबावे. अर्थ विचारू नये. मूल दोन दिवसांनी स्वतःच विचारते, “मोठ्या भावाने तरी का रागवावे? त्याचे काय चुकले?” असा प्रश्न आला की समजावे, कथा आत पोचली.

मासिकांत बालभारतीचे ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून याच वयासाठी निघत आहे. त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात. ज्या घरी पुस्तक नाही पण भ्रमणध्वनी आहे, तेथे निदान एवढे तरी करता येईल. आणि ज्यांस एकच खरेदी करणे शक्य आहे त्यांनी माधुरी पुरंदरे यांनी संपादिलेल्या ‘वाचू आनंदे’ या संग्रहाचे कुमारगटाचे भाग घ्यावे. मराठीतील अनेक थोर लेखकांचे वेचे आणि त्यांच्या सोबतीस भारतीय चित्रकला, असे ते एक लहानसे ग्रंथालयच आहे.

पुस्तके सांगून झाली. ती द्यावी कशी, हे थोडक्यात सांगतो. एक, मुलास निवडू द्यावे. पाच पुढे ठेवावी आणि एक त्याने उचलावे. दोन, न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर टाकण्याची मोकळीक असावी. ताटात पडले ते संपवलेच पाहिजे हा नियम जेवणास ठीक आहे. वाचनास तो लावला की मूल जेवावयासच येत नाही. तीन, वाचल्यावर परीक्षा घेऊ नये आणि तात्पर्य मागू नये. चार, ज्या आईबापांस स्वतः वाचता येत नाही त्यांनी संकोच करू नये; स्वयंपाक करता करता “आज काय झाले रे त्या फेण्याचे?” एवढे विचारावे. ऐकणारे कोणी असले म्हणजे वाचणाऱ्यास हुरूप येतो. पाच, घरची बोली हसण्यावारी नेऊ नये. मुलाने वाचलेली गोष्ट आजीस गोरमाटीत किंवा आपल्या गावच्या बोलीत सांगितली, तर ती त्यास दुप्पट समजते.

शेवटी एक मागणे. या महोत्सवाची आठवण म्हणून कमान किंवा फलक करण्याचा विचार चालला असेल तर तो अवश्य करावा. परंतु त्याच्या जोडीस मंदिराच्या ओसरीत एक कपाट ठेवावे आणि त्यात शंभर पुस्तके असावी. रविवारच्या मिस्सानंतर अर्धा तास ते उघडे राहावे. नोंदवही मुलांनीच सांभाळावी. गावातील कोणत्याही जातिधर्माच्या मुलास तेथून पुस्तक मिळावे. पान फाटले म्हणून दंड करू नये. आठवड्यातून एकदा डिंक आणि कागद घेऊन मुलांनीच डागडुजीस बसावे. आणि जी कुटुंबे ऊसतोडीस जातात त्यांच्या मुलांस निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकी दोन पुस्तके द्यावी, परतीची तारीख न लिहिता. त्यांतील काही परत येणार नाहीत, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. जी येतील ती चिपाडाच्या धुळीने मळलेली, कोपरे दुमडलेली असतील. ती तशीच कपाटात ठेवावी. पुढचे मूल बहुधा प्रथम तेच पुस्तक उचलील, कारण ते कोणी तरी खरोखर वाचले आहे, हे त्यास दिसेल.